अंधाराचा पत्ता

आकाशदर्शनाचा बेत ठरवताना तीन गोष्टी आधी कळायला हव्यात. ढग येतील का, चंद्र कधी उगवेल आणि जिथे जायचं तिथे अंधार किती आहे. ढगांचं उत्तर आता उपग्रहाच्या ताज्या चित्रांसकट हातातल्या मोबाइलवर मिळतं. चंद्राचं उत्तर तर भिंतीवरच टांगलेलं असतं. कॅलेंडरमध्ये संकष्टीच्या चौकोनात चंद्रोदयाची वेळ छापलेली असते, साधारण रात्री नऊच्या आगेमागे. तिथून पुढे रोज पन्नासेक मिनिटं वाढवत गेलं की कुठल्या रात्री किती वाजेपर्यंत अंधार हाताशी आहे, हे बोटांवर मोजता येतं. कृष्ण अष्टमीला चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो, म्हणजे संध्याकाळनंतरचे चार तास तरी निरीक्षणाला मोकळे मिळतात.

अंधाराचं उत्तर मात्र कुठेच छापलेलं नसतं. वर्षानुवर्षं ते तोंडोतोंडी फिरत आलं. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ सालची, मुंबईचं खगोल मंडळ १९८५चं. अशा संस्थांच्या जुन्या कार्यकर्त्यांना कुठल्या माळावर दक्षिण क्षितिज मोकळं आहे, कुठल्या गावात रात्री पाटलांना आधी सांगून ठेवावं लागतं, हे सगळं पाठ असायचं. कर्जत लाइनवरचं वांगणी मुंबईकरांच्या कित्येक पिढ्यांनी अशाच सांगोवांगीवर गाठलं. या माहितीत जिव्हाळा होता, अनुभव होता. कमी होती ती समान मापाची. दादरहून आलेल्या माणसाला वांगणीचं आकाश काळंभोर वाटतं. मेळघाटात वाढलेल्याला तिथे पश्चिमेकडे मुंबईचा उजेड आधी दिसतो. दोघंही ‘छान अंधार आहे’ म्हणतील आणि दोघांच्या म्हणण्यात कित्येक पटींचं अंतर असेल.

हे अंतर मिटवायचा पहिला नेटका प्रयत्न जॉन बॉर्टल या अमेरिकी धूमकेतू-निरीक्षकाने केला. ‘स्काय अँड टेलिस्कोप’ मासिकाच्या फेब्रुवारी २००१च्या अंकात त्याने आकाशाचे नऊ वर्ग मांडले. पहिला वर्ग सर्वांत अंधारा, नववा म्हणजे महानगराचं मध्य. हे वर्ग ठरवायला कुठलंही उपकरण लागत नाही. प्रत्येक वर्गात काय दिसतं आणि काय दिसत नाही, याची वर्णनं त्याने दिली. पहिल्या वर्गात वृश्चिक आणि धनू राशींतली आकाशगंगा जमिनीवर अंधूक सावली पाडते, त्रिकोण तारकासमूहातली एम ३३ ही दीर्घिका नुसत्या डोळ्यांना ठळक दिसते. नवव्या वर्गात ओळखीचे तारकासमूहही पुरे होत नाहीत.

त्याच्या वर्णनांतली मला सर्वांत मोलाची वाटते ती ढगांची खूण. खऱ्या अंधाऱ्या जागी ढग काळा दिसतो. ताऱ्यांनी भरलेल्या आकाशात तिथे भोक पडल्यासारखं वाटतं, कारण ढगाला खालून उजळायला काहीच नसतं. शहराच्या हद्दीजवळ तोच ढग आभाळाहून उजळ होतो. ही खूण ओळखायला ना नकाशा लागतो, ना ताऱ्यांची नावं. पहिल्यांदाच आकाशदर्शनाला आलेल्या मुलालाही ती सांगता येते.

मात्र परदेशी पुस्तकांतल्या साऱ्याच कसोट्या आपल्याकडे जशाच्या तशा चालत नाहीत. ध्रुवमत्स्यातले चौकोनाचे चार तारे जवळपास २, ३, ४ आणि ५ प्रतीचे, म्हणजे क्रमाने मंद होत जाणारे आहेत. त्यामुळे त्यातले किती दिसतात यावरून अंधार जोखावा, असं उत्तरेकडच्या देशांत सांगतात. पुण्याहून ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम साडेअठरा अंश वर असतो. तो सगळा भाग धुळीच्या आणि बाष्पाच्या जाड थरातून पाहावा लागतो. तिथे पाचव्या प्रतीचा तारा दिसला नाही, तर दोष अंधाराचा की धुळीचा, हे कळायला मार्ग नाही. आपल्यासाठी हिवाळ्यात मृग आणि उन्हाळ्यात वृश्चिक हेच चांगले. आपल्या अक्षांशाची एक देणगीही आहे. आकाशगंगेचं केंद्र लंडनहून क्षितिजाच्या वर जेमतेम नऊ-दहा अंश येतं, पुण्याहून ते बेचाळीस अंशांपर्यंत चढतं. मे महिन्यातल्या मध्यरात्रीनंतर सह्याद्रीच्या पठारावरून दिसणारी आकाशगंगा युरोपातल्या निरीक्षकाला घरबसल्या कधीच मिळत नाही. म्हणून आपला अंधार राखण्याला आणि त्याची नोंद ठेवण्याला जास्तच किंमत आहे.

डोळ्यांच्या कसोटीत माणूस बदलला की उत्तर बदलतं. वय, चष्मा, सराव, सगळं मध्ये येतं. त्यावर उपाय म्हणून कॅनडातल्या युनिहेड्रॉन या छोट्या कंपनीने स्काय क्वालिटी मीटर बाजारात आणला. निरीक्षक त्याला ‘एसक्यूएम’ म्हणतात. हातात मावणारी डबी, एक बटण, एक तांबडा आकडा. डबी डोक्यावर धरायची, बटण दाबायचं, टिकटिक थांबली की आकडा वाचायचा. अंधार जितका जास्त तितका वेळ लागतो, कारण आत येणारा उजेडच तेवढा थोडा असतो.

आकडा मिळतो तो दर चौरस आर्कसेकंदाला किती प्रत, असा. ऐकायला किचकट, पण कल्पना सोपी आहे. पूर्णचंद्राच्या बिंबाचा व्यास सुमारे १८०० आर्कसेकंद असतो. म्हणजे एक आर्कसेकंद बाजू असलेला चौकोन किती बारीक ते पाहा. आकाशाच्या तेवढ्या तुकड्यातून जो उजेड येतो तो कितव्या प्रतीच्या एका ताऱ्याइतका भरतो, हे तो आकडा सांगतो. ताऱ्यांची प्रत जशी वाढते तसा तारा मंद होतो, तसंच इथेही आकडा मोठा म्हणजे अंधार गडद. चंद्र नसताना, माणसाचा एकही दिवा नसताना आकाश साधारण २२ आकडा दाखवतं. मोठ्या शहराच्या मध्यात तो १७-१८ असतो. साधारण २०च्या पुढे आकाशगंगा ओळखू येऊ लागते आणि २१च्या पुढे तिच्यातल्या काळ्या भेगा उमटतात.

हे आकडे वाचताना नवखा निरीक्षक हमखास फसतो. २१ आणि २० यांत एकाचाच फरक, मग काय एवढं, असं त्याला वाटतं. या मोजपट्टीवर एक पायरी म्हणजे अडीच पट उजेड आणि पाच पायऱ्या म्हणजे शंभर पट. २२च्या आकाशातून १७च्या आकाशाखाली आलेला माणूस शंभर पट उजळ आकाश पाहत असतो. आकडा दशांशापर्यंत लिहायचा तो यासाठीच.

आता हा आकडा दुसऱ्याला द्यायचा कसा? माझ्या मते या साऱ्या विषयाचं मर्म इथेच आहे. नुसता आकडा कुणाच्याच उपयोगाचा नसतो. ‘तिकडे २१.३ मिळाला’ एवढं वाचून कुणी शंभर किलोमीटर गाडी चालवत गेला आणि त्याला २०.६ मिळाला, तर दोघांपैकी कुणी खोटं बोललं असं होत नाही. सूर्य मावळल्यावर तो क्षितिजाखाली १८ अंश जाईपर्यंत संधिप्रकाश उरतो. महाराष्ट्रात त्याला सव्वा तास तरी लागतो. त्याआधी घेतलेला आकडा बाद. चंद्र क्षितिजाच्या वर असेल तर बाद. आकाशगंगेचा दाट पट्टा डोक्यावर असेल तर आकडा त्या पट्ट्यामुळेच उतरतो, त्यात दिव्यांचा दोष नसतो. सूर्यावरच्या घडामोडींनुसार वरच्या वातावरणाची स्वतःची मंद चमकही कमीजास्त होते. आणि पुन्हा ते ढग आहेतच. गावकुसाबाहेरच्या अंधाऱ्या माळावर पातळ ढग आले तर आकडा वाढतो, कारण ताऱ्यांचा उजेड अडतो. शहरात तेच ढग आकडा पाडतात. एखाद्याने अभिमानाने २२.४ लिहिलं असेल तर आधी ढगांची चौकशी करावी. नाहीतर तो झाडाखाली उभा होता का, ते विचारावं.

उपकरणाच्याही जाती आहेत. मूळ एसक्यूएम आकाशाचा बराच रुंद भाग एकदम पाहतो, त्यामुळे बाजूचा डोंगर किंवा रस्त्यावरचा दिवा त्याच्या नजरेत येतो. भिंग असलेला ‘एल’ प्रकार सुमारे वीस अंशांचाच गोल पाहतो. दोघांचे आकडे एकाच वहीत शेजारी शेजारी लिहिले आणि प्रकार लिहिला नाही, तर पुढे कुणालाच ते वेगळे काढता येत नाहीत. गाडीच्या उबेतून बाहेर काढलेली डबी आधी हवेच्या तापमानाला येऊ द्यावी. पहिला आकडा सोडून द्यावा, पुढचे चार-पाच घेऊन त्यांची सरासरी धरावी.

नमुन्यादाखल एक नोंद पाहू. ‘फेब्रुवारीची अमावास्या, रात्री ९:४०, जुन्नर तालुका, एसक्यूएम-एल, डोक्यावर पाच वाचनं, २०.९ ते २१.०. हवा कोरडी, ढग नाहीत. डोक्याच्या जवळपास मिथुनेजवळचा आकाशगंगेचा मंद पट्टा. दक्षिणेला पुण्याचा उजेड सुमारे वीस अंशांपर्यंत, पूर्व मोकळी.’ आकडे इथे केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत, पण नोंद कशी असावी ते यावरून कळतं. शेवटच्या वाक्याकडे खास लक्ष द्यावं. एसक्यूएम डोक्यावरचं आकाश मोजतो. निरीक्षकाला वृश्चिक पाहायचा असेल किंवा नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा गोलाकार तारकागुच्छ शोधायचा असेल, तर त्याला दक्षिण क्षितिज हवं. पुण्याहून हा गुच्छ क्षितिजापासून पंचवीस अंशही वर येत नाही. डोक्यावर २१ आणि दक्षिणेला शहराचा घुमट, अशी जागा त्याच्या कामाची नाही. मार्चच्या अमावास्येला एका रात्रीत मेसिएच्या यादीतले सारे तारकागुच्छ, तेजोमेघ आणि दीर्घिका पाहण्याचा चंग बांधणाऱ्यांना तर संध्याकाळी पश्चिम आणि पहाटे पूर्व, दोन्ही क्षितिजं स्वच्छ लागतात. एका ओळीचं वर्णन त्यांचा सगळा प्रवास वाचवू शकतं.

अंधाराची जागा शोधणारे बहुतेक जण आधी रंगीत नकाशा उघडतात. शहरं पांढरी-लाल, उपनगरं पिवळी-हिरवी, अंधारा मुलूख निळा-काळा. नकाशावर बोट ठेवलं की आकडा आणि बॉर्टलचा वर्गही मिळतो. युरिय स्तारे यांनी चालवलेला ‘लाइट पोल्युशन मॅप’ यांत सर्वांत परिचित आहे आणि त्यावर निरीक्षकांना आपली वाचनंही नोंदवता येतात. या नकाशांमागे मोठं विज्ञान आहे. इटलीच्या फाबिओ फाल्की आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली रात्रीच्या कृत्रिम उजेडाचा जागतिक नकाशासंग्रह प्रसिद्ध केला. सुओमी एनपीपी या उपग्रहाने टिपलेला जमिनीवरचा उजेड घ्यायचा, तो वातावरणात कसा विखुरेल याचं गणित करायचं आणि जगभरच्या वीस हजारांहून जास्त जमिनीवरच्या वाचनांशी ते ताडून पाहायचं, अशी त्यांची रीत होती. जगातली एक तृतीयांशाहून जास्त माणसं आपल्या घरून आकाशगंगा पाहू शकत नाहीत, हा निष्कर्ष त्यांचाच.

तरीही नकाशावरचा आकडा हे अनुमान आहे, मोजमाप नव्हे, हे विसरू नये. त्या संग्रहातली उपग्रहाची माहिती २०१४ सालची आहे. तेव्हापासून आपल्या गावागावांत सोडियमचे पिवळे दिवे गेले आणि पांढरे एलईडी आले. आणि नेमका तो उपग्रह निळ्या उजेडाला आंधळा आहे. त्याचा संवेदक ५०० नॅनोमीटरच्या खालच्या लहरी टिपत नाही, तर पांढऱ्या एलईडीचा बराच उजेड तिथेच असतो. आकाशात विखुरतोही तोच जास्त. शिवाय उपग्रह मध्यरात्र उलटून गेल्यावर, दीडच्या सुमारास डोक्यावरून जातो. रात्री दहाला लख्ख असलेली लग्नाची लॉन्स, ढाबे आणि होर्डिंगं तोवर विझलेली असतात. आडव्या दिशेने पळणारा उजेड, जो दूरवरचं आकाश सर्वाधिक बिघडवतो, तोही वरून नीट दिसत नाही. नकाशा दिशा दाखवायला चांगला. तिथे गेल्यावर काय आढळलं ते मात्र माणसानेच लिहावं लागतं.

लोकांनी लिहिलेल्या नोंदी किती दूर पोचतात याचा पुरावा आता हाती आहे. २००६ पासून ‘ग्लोब ॲट नाइट’ हा उपक्रम चालतो. ठरलेल्या रात्री अंगणात यायचं, त्या मोसमातला नेमून दिलेला तारकासमूह पाहायचा आणि समोरच्या चित्रांपैकी कुठल्या चित्राइतके तारे दिसतात ते कळवायचं. उपकरण नाही, पैसे नाहीत. ख्रिस्तोफर कायबा आणि सहकाऱ्यांनी २०११ ते २०२२ या काळातल्या अशा ५१ हजारांहून अधिक नोंदी तपासल्या आणि २०२३ साली ‘सायन्स’मध्ये निष्कर्ष मांडले. आकाश दर वर्षी सरासरी ९.६ टक्क्यांनी उजळत होतं. उपग्रहांवरून काढलेले वाढीचे अंदाज याहून बरेच कमी होते. या वेगाने जिथे आज अडीचशे तारे दिसतात, तिथे जन्मलेल्या मुलाला अठराव्या वर्षी शंभरच दिसतील. अंगणात उभ्या राहिलेल्या माणसांनी यंत्राची चूक दाखवली, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

त्या नोंदी बहुतांशी युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या होत्या. भारतातून इतक्या थोड्या आल्या की आपल्या आकाशाबद्दल त्यातून वेगळं काही सांगता येत नाही. खरं तर इथे शहरातल्या गच्चीची नोंदही तितकीच हवी आहे. डोंबिवलीच्या गच्चीवरून मृगातले सातच तारे दिसतात, हे लिहिण्यात कमीपणा नाही. दर वर्षी त्याच गच्चीवरून, त्याच अमावास्येच्या आसपास घेतलेली नोंद कुठल्याही दुर्गम पठारावरच्या एकाच वाचनापेक्षा अभ्यासकाला जास्त उपयोगी पडते.

उत्तर अमेरिकेतल्या निरीक्षकांना आणखी एक सोय आहे. ओटावाच्या अटिला डँको यांनी तिथल्या हजारो ठिकाणांसाठी ‘क्लिअर स्काय चार्ट’ उभा केला. कॅनडाच्या हवामान केंद्राच्या अंदाजांवरून तो तासागणिक ढग, हवेची पारदर्शकता आणि ताऱ्यांची थरथर दाखवतो. त्यात अंधाराचीही एक ओळ असते. पण ती ओळ सूर्य आणि चंद्र यांच्या हिशेबावरून काढलेली असते, शहराच्या दिव्यांचा त्यात समावेश नसतो. हे तिथे स्पष्ट लिहिलेलं आहे, तरी वाचणारे विसरतात. तक्ता कितीही सुबक असला तरी त्यात काय मोजलं आहे आणि काय वगळलं आहे, हे वाचल्याशिवाय बॅग भरू नये.

आता एक नाजूक बाब. अंधारी जागा जाहीर केली की तिथे गर्दी होते. भंडारदरा, पुरुषवाडीच्या परिसरात मेअखेर आणि जूनमध्ये काजवे पाहायला लोटणाऱ्या गर्दीचं उदाहरण समोर आहे. गाड्यांचे दिवे, टॉर्च, मोबाइल यांच्या उजेडात काजव्यांचे एकमेकांना चाललेले इशारेच हरवतात. आकाशाचंही तसंच होतं. शिवाय माळ कुणाच्या तरी मालकीचा असतो. शेतकऱ्याने एका ओळखीच्या गटाला बांधावर दुर्बिणी मांडायची परवानगी दिली, म्हणजे साऱ्या जगाला दिली असं नव्हे. म्हणून माहिती दडवून ठेवावी, असं मला वाटत नाही. अक्षांश-रेखांश दशांश चिन्हानंतर दोनच अंकांपर्यंत द्यावेत. त्याने जागा सुमारे एक किलोमीटरपर्यंतच कळते. आकाशाचा उजेड तेवढ्या अंतरात सहसा फारसा बदलत नाही, त्यामुळे अभ्यासकाचं काही अडत नाही आणि शेतकऱ्याचा बांधही उघड होत नाही. पूर्ण पत्ता हवा असेल त्याने विचारावा, आणि देणाऱ्याने मालकाला विचारून द्यावा.

उघडपणे सांगाव्यात अशाही जागा आता तयार होत आहेत. लडाखमध्ये हान्ले इथल्या भारतीय खगोलीय वेधशाळेभोवतीचा प्रदेश डिसेंबर २०२२ मध्ये अंधार-आकाश राखीव क्षेत्र म्हणून अधिसूचित झाला. तिथल्या गावकऱ्यांना दुर्बिणी देऊन पाहुण्यांना आकाश दाखवण्याचं शिक्षण दिलं गेलं. त्यानंतर जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला डार्कस्काय इंटरनॅशनल या संस्थेचं डार्क स्काय पार्क हे प्रमाणपत्र मिळालं. भारतात हे पहिलंच. त्यासाठी वाघोडा, सिल्लारी, पिपरिया आणि खापा या गावांतले शंभराहून अधिक दिवे बदलून जमिनीकडेच उजेड टाकणारे बसवले गेले. गावं अंधारात गेली नाहीत. रस्ते पहिल्यासारखेच उजळ राहिले, थांबला तो फुकट वर जाणारा उजेड. नागपूरच्या माणसाला आता अंधाराचा पत्ता कुणाला विचारत फिरावं लागत नाही. प्रमाणपत्र टिकवायचं तर पेंचलाही नेमाने आकाशाचं मोजमाप करावं लागतं आणि दर वर्षी अहवाल पाठवावा लागतो.